महादेवीकाकूंची फळी

महादेवीकाकू घरातली कुठलीही जड वस्तू उचलत नाहीत. भरलेला सिलिंडर तिरका करून, बुडाच्या कडेवर फिरवत स्वयंपाकघरात नेतात. कपाट हलवायचं तर खाली पहार घालतात. "वजनाशी भांडायचं न्हाय, त्येला फसवायचं," असं त्या म्हणतात. सोलापुरात आमची घरं समोरासमोर आहेत, त्यामुळे हे मी रोज ऐकतो.

काकूंची नात श्रावणी आणि शेजारची सानिया यांना शाळेत साध्या यंत्रांचा धडा लागला. काकूंनी दोघींना पुस्तक मिटायला लावलं आणि हातात अडकित्ता दिला. सुपारी एकदा टोकाशी धरून फोडायची, एकदा जोडाच्या खिळ्याजवळ.

"कुटं सोपं गेलं?"

"खिळ्याजवळ," सानिया म्हणाली.

"मग कळली की तरफ. आता लिवा."

त्या दिवशी घरातली सुपारी संपली. काकूंचे यजमान अप्पा यांनी तक्रार केली नाही. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या आहेत.

संक्रांतीची यात्रा जवळ आली, तसे अप्पा डाव्या हाताने सारखे बाहेर बोट दाखवू लागले. नंदीध्वजांची मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. तो उंच, जड खांब तरुणपणी त्यांनी स्वतः पेलला होता. आता दार आणि रस्ता यांच्यामध्ये ओट्याच्या तीन पायऱ्या होत्या.

काकूंनी मुलींना पुढचा धडा दिला. पायऱ्यांवर फळी टाकली, चाकाच्या खुर्चीत ज्वारीचं पोतं बसवलं, त्याला लुगड्याने बांधलं आणि खुर्ची सोडली. खुर्ची सुसाट सुटली आणि माझ्या स्कूटरवर आदळली.

"काकू, पोतं यात्रेला निघालं की!" कुणीतरी ओरडलं. गल्ली हसली.

काकू हसल्या नाहीत. "का पळालं?" त्यांनी मुलींना विचारलं.

"फळी आखूड हाय. उतार लई हाय," श्रावणी म्हणाली.

मी पुढे झालो. "काकू, एवढं कशाला? आम्ही चौघं अप्पांना खुर्चीसकट उचलून नेतो."

त्या आत गेल्या. संध्याकाळी ओट्यावर आल्या तेव्हा आवाज खाली होता. "आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्येला बसवूनच नेत्यात. चौघं उचलत्यात. ह्यांनी ते लई पाहिलंय. तसं नगं."

मी स्कूटर दुसरीकडे लावली.

यात्रेच्या दिवशी लांब फळी आली. खुर्चीला बांधलेल्या दोरीचे ओट्याच्या खांबाला वेढे दिले. अप्पा पांढऱ्या बाराबंदीत, घराकडे तोंड करून बसले होते. दोघी मुली दोरी थोडी थोडी सोडत होत्या. "निधान, निधान," काकू कानडीत सांगत होत्या. हळू, हळू. खुर्ची जमिनीला टेकली तेव्हा आम्ही मोठी माणसं हात बांधून उभे होतो.

मुलींनी खुर्ची वळवून गल्लीच्या तोंडाशी नेली. नंदीध्वज आले, गेले. गर्दी पांगली, रस्ता मोकळा झाला. सानियाने परत न्यायला दोरी उचलली.

"राहू दे की," काकू म्हणाल्या. "लई दिसांनी भायेर आल्यात."

त्या अप्पांच्या खुर्चीशेजारी रस्त्याच्या कडेला बसल्या. दोघंही मोकळ्या रस्त्याकडे बघत राहिली.