घुगऱ्यांचं जीवशास्त्र

बारशाची सगळी तयारी झाली होती. पाळण्याला झिरमिळ्या लागल्या होत्या, घुगऱ्यांचं पातेलं चुलीवरून उतरलं होतं आणि यमुनाबाईंनी पाळण्याच्या दोरीला हात लावायला साफ नकार दिला होता.

"आधी मला कळू द्या, पोरीचे डोळे घारे कसे? आमच्या सात पिढ्यांत कुणी घारं नाही!"

श्रीधरने कपाळाला हात लावला. पाच महिने तो हेच ऐकत होता. डोळ्यांचा रंग ठरू दे म्हणून यमुनाबाईंनीच बारसं लांबवलं होतं आणि रंग एकदाचा ठरला तो घाराच. आता तर गुलमंडीतली निम्मी बाजारपेठ येता-जाता त्याला विचारायची, "मास्तर, पोरगी कुणावर गेली?"

सरोजिनीने लेकीला दुपट्यात गुंडाळलं. तिचा आवाज अगदी शांत होता आणि श्रीधरला धडकी भरली ती त्यामुळेच.

"नाना, आपल्या गावाला, कन्नडला जायची दोनची गाडी आहे ना? चला. सासूबाईंना डोळे ओळखीचे वाटले, की कळवतील. तेव्हा बघू, यायचं की नाही."

श्रीधर हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचा. जी गोष्ट चाळीस उनाड पोरांच्या डोक्यात शिरते, ती आपल्या आईच्या डोक्यात का शिरू नये, अशी त्याची भाबडी समजूत होती. त्याने पातेल्यातून मूठभर घुगऱ्या परातीत घेतल्या. काळे हरभरे आणि काबुली चणे, दोन्ही त्यात होते.

"आई, बघ. लेकराला एक दाणा आईकडून मिळतो, एक बापाकडून. हा काळा दाणा जोरकस. काळ्याशेजारी पांढरा आला, की पांढरा दबून बसतो, डोळे काळेच दिसतात. पण दोघांकडूनही पांढराच आला, तर लेकरू घारं. म्हणजे माझ्यातही एक पांढरा आहे, सरोजिनीतही."

"म्हणजे माझ्या पोरात खोट?"

"खोट नाही गं, गुण! दबलेला गुण. मला तो तुझ्याकडून आला असेल, नाहीतर बाबांकडून."

"गेलेल्या माणसावर आळ घेतोस?"

एवढ्यात शेजारच्या दगडाबाईंनी परातीत वेगळे मांडलेले दोन्ही पांढरे दाणे उचलून तोंडात टाकले. "लई मऊ शिजल्यात बघा," त्या म्हणाल्या. श्रीधरने निमूटपणे पुन्हा पातेल्यात हात घातला.

सरोजिनीचे वडील नानासाहेब इतका वेळ टोपी सावरत गप्प बसले होते. निजामाच्या अमदानीत कचेरीत कारकुनी केलेला माणूस, उगाच तोंड उघडायची सवय नव्हती. ते खाकरले.

"विहीणबाई, माझी आई घारी होती. लग्नाच्या वेळी बोललो नाही, चुकलं. आमच्याकडचा दाणा कबूल."

"तुमच्याकडचा असेल!" यमुनाबाई उसळल्या. "मी कोण आहे ठाऊक आहे ना? माझ्या वडिलांना तहसीलदारी होती. ती सनद बघा भिंतीवर!"

तिथं, देवघराच्या वर, काचेच्या चौकटीत एक पिवळा पडलेला उर्दू कागद होता. यमुनाबाई आठ महिन्यांच्या असताना वडील वारले. मामाच्या घरी वाढलेल्या त्या पोरीला बापाची म्हणून मिळालेली ही एकच वस्तू. घरात उर्दू कुणालाच येत नव्हतं, पण दर दसऱ्याला तिला हार पडत असे.

"बघतो की," म्हणत नानासाहेबांनी चौकट उतरवली. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं होतं. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या, मग बराच वेळ खाली आल्याच नाहीत.

"विहीणबाई, यात तुमच्या वडिलांचा हुलिया दिलाय. उंची मध्यम. रंग गोरा. डोळे..." ते थांबले. "डोळे घारे."

यमुनाबाईंनी काचेवरून हळूच बोट फिरवलं. बापाचं तोंड त्यांना आठवतच नव्हतं. मग त्या उठल्या, सरोजिनीच्या हातून नातीला घेतलं आणि तिच्या डोळ्यांत बघत ढसाढसा रडल्या.

"माझ्या बापाचे डोळे गं हे! सरू, चुकले मी. आण ती दोरी इकडं."

दोनची गाडी गेली. पाळणा हलला. श्रीधरचा जीव भांड्यात पडला. तो चौकट टांगायला निघाला, तेव्हा नानासाहेबांनी त्याला बाजूला ओढलं.

"जावईबापू, सनदेत कधी हुलिया असतो का? हा सुटकेचा कागद आहे, हर्सूलच्या जेलचा. बागेतले आंबे चोरले म्हणून तीन महिने."

"आणि तहसीलदारी?"

"तहसीलदार आहेत ना कागदावर. फिर्यादी म्हणून. बाग त्यांचीच."

"श्रीधर!" पाळण्यापाशी यमुनाबाईंचा कंठ फुटला होता. "तुझं शास्त्र अगदी खरं निघालं बाबा! उद्या ती सनद शाळेत ने. तुमचे उर्दूचे मास्तर मोठ्यानं वाचतील, पोरांना पुरावा मिळेल!"

श्रीधरने चौकट छातीशी घट्ट धरली.

"आई," तो म्हणाला, "शास्त्राचं एवढं काही मनावर घेऊ नये."