हेमलताबाईंचा गेलेला तोल

हेमलता चौगुले यांचा तोल बावीस वर्षांपूर्वी गेला तो आजतागायत त्यांच्या नणंदेकडे, शिरढोणला, राहत होता. आणि मोटरसायकल शिकायची म्हटल्यावर तो परत आणणं भाग होतं.

बाकीची तयारी जय्यत होती. एक्कावन्नाव्या वर्षी बाईंनी मनावर घेतलं, आणि बाईंनी मनावर घेतलं की संपलंच. लेक म्हणाली, स्कूटी घे, सोपी असते. बाई म्हणाल्या, सोपंच करायचं तर घरात बसून लसूण सोलते की! त्यांना पायाखाली गिअर हवा होता. हेल्मेटची सवय व्हावी म्हणून आठवडाभर त्या हेल्मेट घालून चपात्या लाटत होत्या. शिलाई मशीनवर बसून डाव्या हातात पक्कड धरायची, दाबायची आणि हळूहळू सोडायची, असा क्लचचा सराव चालू होता. चेनमध्ये अडकू नयेत म्हणून घोट्याशी चिंचोळ्या अशा तीन सलवारी शिवून झाल्या होत्या.

शुक्रवारी त्या मोटार स्कूलमध्ये नाव घालायला गेल्या. बोरगावे मास्तरांनी अर्ज भरला. नाव, वय, रक्तगट. मग उठून त्यांनी फूटपट्टीचं टोक बाईंच्या खांद्याला हलकेच लावलं. बाई सरळ कपाटावर जाऊन आदळल्या. मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांनी लिहिलं, 'तोल : गैरहजर'.

"कधी गेला?" त्यांनी विचारलं.

"बारशात," बाई म्हणाल्या.

मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. बायकांचा बहुतेक बारशात नाहीतर लग्नात जातो, पुरुषांचा ग्रामसभेत, असा त्यांचा अनुभव होता. नियम मात्र स्पष्ट होता. उद्या दुपारी बारापर्यंत तोलासकट हजर व्हायचं. बायकांची मोटरसायकलची बॅच वर्षातून एकच. राहिलात तर पुढच्या वर्षी या, म्हणाले. आज अंगात जी हिंमत आहे ती वर्षभर टिकेल याची बाईंना स्वतःलाच खात्री नव्हती.

त्या बारशाची हकिकत अशी. मुलीचं नाव अनुराधा ठेवायचं ठरलं होतं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मालनवन्सं पाळण्यावर वाकल्या, कुर्र केलं, आणि वर तोंड करून चाळीस बायकांसमोर 'शीलवती' असं जाहीर करून मोकळ्या झाल्या. का, तर त्यांना ते आवडलं होतं. हेमलताबाईंचा तोल तिथल्या तिथे गेला. त्या वाट्टेल ते बोलल्या. वन्संनीही काही बाकी ठेवलं नाही. संध्याकाळच्या एसटीने वन्सं निघाल्या तेव्हा तोल त्यांच्या मागोमाग गाडीत चढला. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. बाई वर्षातून तीनदा मोरीत घसरायच्या आणि भिंतीला धरून जिना उतरायच्या, पण शिरढोणकडे कधी फिरकल्या नाहीत.

शनिवारी पहिल्या एसटीने त्या निघाल्या. हेल्मेट मांडीवर होतं. बावीस वर्षांचा अबोला तसा सोपा नाही, पण खिडकीबाहेर एखादी मोटरसायकल फटफटत पुढे गेली की बाईंना सगळं सोपं वाटायचं.

वन्संनी दार उघडलं, हेल्मेटकडे पाहिलं आणि या म्हणाल्या. आढेवेढे न घेता बाईंनी काम सांगितलं. वन्संनी कमरेची पिशवी सोडली. तोल दिसायला काही खास नसतो. वाटीभर दह्याएवढा असतो, आणि ज्या भांड्यात ठेवावा ते भांडं हलत नाही, एवढंच. पिशवी बाईंच्या हातात ठेवली मात्र, आणि वन्संनी दाराची चौकट घट्ट पकडली. तरी त्या एका बाजूला कलत होत्या.

"वन्सं, तुमचा कुठाय?"

"त्याच दिवशी गेला, वहिनी. तुमचा माझ्या मागं आला. माझा कुठं गेला कुणास ठाऊक. इतकी वर्षं तुमच्यावरच भागवलं."

बाई पिशवी धरून उभ्या राहिल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या न कलता, भिंतीचा आधार न घेता उभ्या होत्या, आणि फार बरं वाटत होतं. हा नेला तर वन्सं अंगणापर्यंतसुद्धा पोचणार नाहीत. नाही नेला तर गिअर गेला. त्यांना वन्संचा राग आला, मग दया आली, मग पुन्हा थोडा राग आला. घड्याळात साडेदहा झाले होते. त्यांनी पिशवी परत वन्संच्या कमरेला बांधली आणि म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

वन्सं पाच मिनिटं आत गेल्या आणि हातात एक मोठी कापडी पिशवी घेऊन आल्या.

बाराला दहा कमी असताना दोघी मोटार स्कूलच्या मैदानावर पोचल्या. मास्तरांनी फूटपट्टी लावली. बाई एकट्या उभ्या असताना कलल्या. वन्संचा हात धरल्यावर जागच्या हलल्या नाहीत. मास्तरांनी 'गैरहजर' खोडून 'सामाईक' असं लिहिलं. जमिनीत चालतं ते तोलात न चालायला काय झालं, असं त्यांचं मत पडलं. वन्संनी मागे बसायचं, तेही दोन्हीकडे पाय टाकून, कारण एका बाजूला बसल्या तर तोल त्या बाजूला जाणार. आणि रोज यायचं.

"महिनाभर?" बाईंनी विचारलं.

"महिन्याचं काय घेऊन बसलात? परवाना मिळाल्यावरही. गाडी आहे तोवर यांना तुमच्याकडेच राहावं लागेल."

बाईंना वन्संकडे बघायचा धीर होईना. समोर गाडी उन्हात चमकत होती, टाकी लाल, आरसे नवे. एवढ्या जवळ येऊन आता वन्सं नाही म्हणाल्या तर काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

वन्संनी साडी खोचली आणि दुसऱ्या प्रयत्नात पाय पलीकडे टाकून सीटवर ठाण मांडलं.

"पिशवीत चार साड्या आणल्यात," त्या म्हणाल्या. "बाकीच्या मग गाडीवरून शिरढोणला जाऊन आणू. बसा की वहिनी."

बाई बसल्या आणि त्यांनी किक मारली.