पाचवा गोल

वाघमारे सरांची नोकरी माझ्या एका वाक्याने गेली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. शाळेत सगळे समजतात, सर अभ्यासात कमी पडले. अभ्यासात! ज्या माणसाने चहासुद्धा चार पर्याय मांडल्याशिवाय घेतला नाही, त्याच्याबद्दल असं बोलतात आणि मी मान डोलावतो.

खडकीतल्या आमच्या मराठी शाळेत सर दुसरीला शिकवायचे, मी संगणक. पट घसरत चालला होता. हिंजवडीला नोकरीला लागलेले आमचेच माजी विद्यार्थी आपली मुलं इंग्रजी शाळेत घालत होते. त्यात संस्थेने सरांना कळवलं, शिक्षक पात्रता परीक्षा या खेपेला पास झालात तर नोकरी, नाहीतर नमस्कार.

चाळिशी ओलांडलेले सर अभ्यासाला बसले, आणि त्यांना पर्याय चढले. शिपायाने चहा आणला की सुरू. "अ, आत्ता. ब, गार झाल्यावर. क, अर्धा दाते सरांना. ड, वरीलपैकी एकही नाही." दाते सर म्हणजे मी. एकदा मंडईत मी बरोबर होतो. भेंडीवालीला म्हणाले, "भाव काय? पर्याय सांगा." ती म्हणाली, "पर्याय दोनच. घ्या, नाहीतर पुढं व्हा." सर गंभीरपणे "ब" म्हणाले आणि पुढे झाले.

उत्तरपत्रिका संगणक तपासणार म्हणून सराव मी घ्यायचा ठरलं. बरोबर उत्तराचा गोल काळ्या बॉलपेनने भरायचा, बस्स. सरांचा गोल म्हणजे रांगोळीचा ठिपका. गणित, भाषा भराभर सुटायचं. मुलांवरचे प्रश्न आले की पेन टेकवून बसायचे.

"मूल वर्गात झोपलं तर काय कराल?" मी वाचायचो.

"कुठलं मूल?"

"सर, मूल. कुठलंही."

"कुठलंही मूल असं नसतंच हो. प्रभू झोपला तर रात्री त्याच्या घरात भांडण झालंय. चिनू झोपली तर तिला ताप आहे. हे चारांत बसत नाही."

'चारांत बसत नाही' हे त्यांचं पालुपद. परीक्षेच्या आदल्या दिवशी लागोपाठ तीन प्रश्नांवर त्यांनी ते ऐकवलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मग असं करा ना सर, स्वतःचा पाचवा गोल काढा. संगणक वाचेल, तुमचं कौतुक करेल."

सर माझ्याकडे बघत राहिले. "चालतं तसं?"

"न चालायला काय झालं?" मी पिशवी उचलली आणि निघालो.

सरांना तिरकं बोलणं कळत नाही, हे मला ठाऊक होतं. एकदा ते पाऊण तास उशिरा आले तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "या, फारच लवकर आलात." तर सर म्हणाले, "हो ना, बस पटकन मिळाली." हे मला ठाऊक होतं, तरी मी निघालो.

दुसऱ्या दिवशी परीक्षा सुटताना त्यांना घ्यायला गेलो. सर फाटकातून हसतच बाहेर आले. "काढले!"

"काय काढले?"

"पाचवे गोल. नऊ-दहा ठिकाणी."

मी स्कूटर स्टँडला लावली होती, तिच्यावरच बसलो. सर आपल्याच नादात. "आणि एक प्रश्न तर आपल्या सईचाच आला!"

सई माझी मुलगी. तेव्हा सरांच्याच वर्गात होती. घरी पोपट, शाळेत मुकी. मी रागावून पाहिलं, चॉकलेटं देऊन पाहिलं. सर हजेरी घेताना तिच्या नावाशी नुसते थांबायचे. तिच्याकडे बघायचे नाहीत, खिडकीबाहेर बघायचे. मग हजेरी लावून पुढे. असं रोज. दिवाळीनंतर एके सकाळी शेजारच्या माझ्या खोलीत बारीक आवाज ऐकू आला, "हजर." सरांनी शाबासकी दिली नाही. पुढचं नाव घेतलं. मी भिंत धरून उभा होतो.

"मुलाला उत्तर येतं पण ते बोलत नाही, तुम्ही काय कराल?" सर सांगत होते. "पुन्हा पुन्हा विचारा होतं, पालकांना बोलवा होतं, दुसऱ्या मुलाला विचारा होतं, शिक्षा करा होतं. आपलं नव्हतंच. मी पाचवा गोल काढला, भरला आणि पुढे बारीक लिहिलं, 'थांबेन'."

सर थोडक्यासाठी नापास झाले. ते थोडकं म्हणजे ते गोलच. जूनमध्ये दुसरीला नव्या बाई आल्या.

सर आता हिंजवडीच्या एका कंपनीच्या बसवर असतात. थांब्यावर नावं घेऊन कामाला जाणाऱ्या पोरापोरींना चढवून देतात, उशिरा येणाऱ्यासाठी बस थांबवतात आणि ड्रायव्हरच्या शिव्या खातात. परवा अशाच एका थांब्यावर, हातात नावांची यादी घेऊन, अचानक समोर आले.

"सई बोलते का हो आता?"

"डोकं खाते."

सर मनापासून हसले. मग म्हणाले, "दाते सर, तुमचे फार उपकार आहेत. तुम्ही सांगितलंत म्हणून मला धाडस झालं. नाहीतर खोटी उत्तरं देऊन पास झालो असतो."

इतकी वर्षं मी त्यांना टाळत होतो, रस्ता बदलत होतो. आणि हा माणूस माझे आभार मानत होता! "सर, ते मी तेव्हा…" म्हणालो आणि अडकलो.

सर थांबले. माझ्याकडे न बघता, बसच्या खिडकीकडे बघत. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, तरी थांबले. मग त्यांनी यादीतलं पुढचं नाव घेतलं.

ते वाक्य मी चेष्टेत बोललो होतो. वाघमारे सरांना समोर उभं राहून एवढं सांगण्याचं देणं मी अजून लागतो.