सत्तेचाळीस नंबरचं मशीन

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर पन्नास आणि त्यांचा वैद्य मी एकटा! कुणाचाही फोन आला की मी विचारायचो, "मशीनचा पत्ता काय?" उत्तर यायचं, "दुसरा मजला, खिडकीजवळ." अहो, नेटवर्कवरचा, आकड्यांचा!

शेवटी मी डोकं लढवलं. पासवर्ड टाकायच्या पडद्यावरच तो पत्ता ठळक दिसेल अशी सोय केली. आकडा सांगा, मी खुर्चीतून न उठता मशीन बरं करतो! मोठे साहेब इतके खूश झाले की पुढच्याच आठवड्यात मला कायम करण्याचं शिफारसपत्र लिहायला बसले. माझं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. सगळी भिस्त त्या पत्रावर.

तेवढ्यात टायपिस्ट बाईंचा फोन. "अहो, माझं मशीन हलतच नाही!"

"शेवटचा आकडा सांगा, बाई."

"सत्तेचाळीस."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! समोर लिहिलंय."

मी ऐटीत सत्तेचाळीस बंद करून चालू केलं. "झालं?"

"छे! ढिम्म आहे."

पुन्हा केलं. तोच साहेबांच्या केबिनमधून आरोळी आली, "अरे, दोनदा! दोनदा बंद पडलं!"

मी धावत बाईंच्या टेबलापाशी गेलो. पडद्याच्या कडेला चिठ्ठी: सत्तेचाळीस.

"पासवर्ड टाकला की तुमचा आकडा गायब," बाई म्हणाल्या. "बिघाड झाल्यावर दिसणार कसा? म्हणून पहिल्याच दिवशी लिहून ठेवला."

खरंच की! मधे एकदा वीज गेली होती, तेव्हा पत्ते बदलले आणि सत्तेचाळीस साहेबांकडे गेला. पत्ते बदलतात हे मला ठाऊक होतं, पण मी कुणाला सांगितलंच नव्हतं. फार लाज वाटली.

"माझ्यामुळे झालं का हो?" बाईंचा चेहरा एवढासा झाला होता.

पुन्हा वीज गेली असेल, असं सांगून सुटता आलं असतं. केबिनच्या दाराशी तसा विचारही केला. पण बाईंचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

"साहेब, मशीन मी बंद केलं."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"दोन पानं लिहिली होती तुमच्याबद्दल. सगळी गेली." साहेबांनी मशीनकडे पाठ फिरवली, कागद ओढला आणि पेन उघडलं.

मी कायम झालो. पुढे फायलीत ते पत्र पाहिलं. एकच ओळ होती: 'हे गृहस्थ चूक झाली की ताबडतोब कबूल करतात, सराव दांडगा आहे.'