आधी नळ बघू

आमचे शेजारी दत्तूकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी विचारतात, "संडास कुठं हाय?" यजमानाला वाटतं, बिचाऱ्याला घाई झाली आहे. तो वाट सोडतो. काका आत जातात, नळ सोडतात, कडी लावून बघतात आणि बाहेर येऊन निकाल देतात. मगच चहा. नळ कोरडा असेल तर चहासुद्धा नको.

"आधी नळ बघू" हे त्यांचं पालुपद. सगळी नोकरी माथेरानच्या एका हॉटेलात खोल्या झाडण्यात गेली, त्यामुळे ही खोड तिथलीच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्यांचं उलट टोक म्हणजे त्यांची बायको, शांताकाकी. त्या घराबाहेर पडल्या की पाण्याला शिवत नाहीत. नव्या नवरी होत्या तेव्हा गावातल्या बायका काळोख पडल्यावरच ओढ्याकडे जात. म्हणून दिवसभर घसा कोरडा ठेवायचा. घरात संडास आला, सवय गेली नाही. मुतखड्याने दोनदा आडव्या झाल्या. डॉक्टर ओरडतात, काकी नुसत्या हसतात.

माझ्या आधी आमच्या घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. बाबा चौकशीला कर्जतला निघाले, काकाही निघाले. बाबा ऑफिसच्या रांगेत असताना काका शिपायाला घेऊन मुलींच्या संडासाचा नळ तपासून आले. म्हणाले, "घाल रं पोरीला. धार चांगली हाय, कडी बी लागते." मी पदवीधर झाले ती अशी. हसण्यावारी नेऊ नका. माझ्या दोन मैत्रिणींची शाळा कडी नसलेल्या दारापायीच सुटली होती.

आमच्या एसटी थांब्याजवळ बायकांसाठी सरकारी संडास आहे. रंग झाला, फीत कापली, पाण्याची लाइन तेवढी आली नाही. आत मंडपवाल्याचे बांबू राहतात. परवा ग्रामसभेत स्वागत कमानीचा विषय निघाला आणि काका उठले.

"कमान झाली. पाव्हणी आली. तिनं इचारलं, बाईमानसानं जायचं कुठं? तवा काय कमान दाखवशील?"

"काका, निधी कमानीचा आहे," सरपंच म्हणाले.

"माथेरानला घोड्याची लीद उचलायला मानूस हाय रं! आमच्या बाया घोड्यापरीस खाली काय?"

बायकांत असा हशा पिकला की सरपंचांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. काका याला विजय समजतात.

मोहोपाड्याहून मला स्थळ आलं. मुलाचं घर बघायला काका वडीलधारे म्हणून गेले. आई सांगते, पोह्यांच्या बशा फिरत होत्या, मुलाला घाम फुटला होता आणि आतून फ्लशचा आवाज. पुन्हा आवाज. पुन्हा. काका प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले. "पोरगा तुमी बघा. टाकी झ्याक भरते!"

लग्नही मोहोपाड्यालाच झालं. शांताकाकी चक्क आल्या. स्टेजवरून मला दिसत होत्या: पहिल्या रांगेत, पाणी वाढणाऱ्याला मानेनेच नको म्हणणाऱ्या. काका नेहमीप्रमाणे गायब.

मग ते धापा टाकत आले, हातात ग्लास. मला आशीर्वाद द्यायला स्टेजवर येणाऱ्या काकींना त्यांनी पायरीपाशीच गाठलं.

"पी गं," काका हळू म्हणाले. "मी बघून आलोय."

काकींनी त्यांच्याकडे एकवार बघितलं. मग पदर सावरून अख्खा ग्लास रिकामा केला, आणि परत त्यांच्या हातात दिला.

"आनखी आना वाईच."