पाच जणांची फेरी

"एकट्या माणसाला आत सोडत नाही," तिकीटखिडकीतल्या बाईंनी सांगितलं आणि त्या पुन्हा विणायला लागल्या.

विलेम हुडेत्स यांना यात नवीन काही नव्हतं. प्रागला येऊन त्यांना चार दिवस झाले होते आणि एकट्या माणसाची या शहरात काय शोभा होते ते त्यांना पुरतं कळून चुकलं होतं. बिअरखान्यात गेलं की वाढपी विचारायचा, "बाकीचे येताहेत ना?" आणि मग त्यांना दाराजवळ, लोकांच्या ओल्या कोटांखाली बसवायचा. बायको लुडमिला होती तेव्हा दर हिवाळ्यात ठरायचं की निवृत्त झालो की प्रागची सगळी संग्रहालयं पाहायची, सावकाश, मनासारखी. विलेम निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी ती गेली. मग त्यांनी एकट्यानंच पाहायला घेतली. बंदुका पाहिल्या, फुलपाखरं पाहिली, कुणा सरदाराच्या आंघोळीचा तांब्याचा टब पाहिला. "अगं, हे बघ" म्हणायला शेजारी कुणी नसलं की चांगली गोष्टसुद्धा वाया गेल्यासारखी वाटते.

पण हे शेवटचं संग्रहालय चुकवून चालणार नव्हतं. ते वाजणाऱ्या यंत्रांचं होतं. त्यांच्या मोराव्हियातल्या त्रेबीच गावच्या बिअरखान्यात पूर्वी कपाटाएवढं, आपोआप वाजणारं एक यंत्र होतं. त्याच्या वाल्ट्झवरच विलेम आणि लुडमिला पहिल्यांदा नाचले होते. ते आता इथे आणून ठेवलं होतं आणि फेरीच्या शेवटी वाजवत. आज हंगामाचा शेवटचा दिवस. उद्यापासून थेट वसंतापर्यंत कुलूप. आणि विलेम यांच्या हृदयाबद्दल वसंतापर्यंतची हमी द्यायला डॉक्टर तयार नव्हते.

"किती जण लागतात?" त्यांनी विचारलं.

"कमीत कमी पाच."

"आणि जास्तीत जास्त?"

"पाच. मजला जुना आहे."

"म्हणजे बरोबर पाचच?"

"नियम दोन आहेत," बाई म्हणाल्या. "दोन वेगवेगळ्या साहेबांनी केलेले. दोन्ही पाळावे लागतात. मोराव्हियातून आलात वाटतं?"

"हो."

"तरीच."

विलेम गल्लीत येऊन पावसात उभे राहिले. एक जोडपं आलं, पण ते एकमेकांत इतकं गुंतलं होतं की त्याला हाक मारणंही जिवावर आलं. एक गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. विलेम यांनी त्यांना गळ घातली.

"मी समोरच राहतो हो," गृहस्थ म्हणाले. "चाळीस वर्षांत आत पाऊल टाकलं नाही. आता कशाला लौकिक घालवू?"

मग कुणीच आलं नाही. विलेम यांनी कोट झटकला आणि खिडकीशी जाऊन घसा खाकरला.

"पाच तिकिटं द्या."

"बाकीचे?"

"येताहेत," विलेम म्हणाले. आयुष्यात ते इतकं खोटं कधी बोलले नव्हते.

बाईंनी पाच तिकिटं फाडली, खिडकी लावली, त्या मागच्या दाराने आत गेल्या आणि गळ्याला निळा रुमाल बांधून पुढच्या दाराने आल्या.

"नमस्कार मंडळी! मी तुमची मार्गदर्शक, श्टेपांका."

"आपण आत्ताच भेटलो की."

"ती तिकीटवाली. तिने पाच तिकिटं दिली म्हणजे तुम्ही पाच जण आहात. तिच्या कामात मी नाक खुपसत नाही. सगळ्यांनी बुटांवर सपाता चढवा."

दाराशी जाड लोकरी सपातांचे पाच जोड मांडले होते. विलेम यांनी एक चढवला. बाई थोडा वेळ थांबल्या, इतरांचंही आटोपलं असं धरून चालल्या, आणि फेरी निघाली.

"गर्दी करू नका मंडळी. मागच्यांना दिसतंय ना?"

विलेम निमूटपणे बाजूला झाले. पहिल्या दालनात त्यांना शरमल्यासारखं झालं, पण दुसऱ्या दालनात सवय झाली. लुडमिला डाव्या हाताला होती, तिथेच ती असायची. तिच्या मागे मेव्हणा अंतोनिन, त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. शेजारचा बोझेक, तोही वारलेला. आणि मुलगा रादेक, तो कॅनडात धडधाकट होता, फक्त येत नव्हता. चार दिवसांत पहिल्यांदा विलेम यांना बरं वाटलं.

तेवढ्यात घंटा वाजली. बाईंनी दार उघडलं. बाहेर छत्रीतून पाणी गाळत एक साठीच्या बाई उभ्या होत्या.

"मी ब्लाझेना. पार्दुबित्सेहून आलेय. तिकीटवाली कुठे आहे?"

"फेरीवर आहे," श्टेपांकाबाई बोलून गेल्या, आणि लगेच सावरल्या. "गट भरलाय. पाच झाले."

ब्लाझेनाबाईंनी मान लांब करून आत पाहिलं. "कुठे आहेत पाच?"

"हे काय समोर!"

विलेम यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तीनदा आले मी," ब्लाझेनाबाईंचा आवाज चिरकला. "तिन्ही वेळा एकटी म्हणून परत पाठवलंत. आज माणसं आहेत, तर जागा नाही म्हणता!"

आपण ज्यांना सोबत आणलं ते जिवंत माणसाची जागा अडवून बसले आहेत, हे विलेम यांच्या लक्षात आलं. "आमच्यातला एक जण जाईल," ते म्हणाले.

"कोण?" श्टेपांकाबाईंनी विचारलं.

विलेम यांना फार विचार करावा लागला नाही. "रादेक जाईल. त्याला नेहमी घाईच असते."

"ठीक आहे. तरुण माणसा, सपाता जागेवर ठेवून जा," बाईंनी हवेला बजावलं.

ब्लाझेनाबाईंनी रादेकच्या सपाता चढवल्या. श्टेपांकाबाई पुढे गेल्यावर त्या विलेम यांच्या कानाशी कुजबुजल्या, "मी नेमकी कुणाच्या अंगावर उभी नाही ना?"

"मेव्हण्याच्या."

"माफ करा हं," त्या मागे वळून म्हणाल्या आणि सरकल्या.

शेवटच्या दालनात ते यंत्र होतं. समोर एक लांब बाकडं होतं, त्यावर दोघं बसले. विलेम यांनी डावीकडची जागा मोकळी सोडली. श्टेपांकाबाईंनी भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी चढवली आणि खटका ओढला. आतून ढोल घुमला, बासऱ्या जाग्या झाल्या आणि तो वाल्ट्झ सुरू झाला.

विलेम यांनी डावीकडे पाहिलं. इतकी दालनं त्यांच्याबरोबर चाललेली लुडमिला तिथे नव्हती. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. हा वाल्ट्झ टाकून ती कुठेही गेली नसती. म्हणजे ती नव्हतीच. दोन वर्षं त्यांना हे ठाऊक होतं, पण कळलं ते आत्ता, आणि त्यांना भडभडून आलं.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "आम्ही पाच नाही आहोत. मी खोटं बोललो. मी एकटाच आलो होतो. आता फार तर दोघं."

"हे तुम्ही तिकीटवालीला सांगायला हवं होतं," श्टेपांकाबाई कडक आवाजात म्हणाल्या. "दोघं म्हणजे फेरी रद्द." त्यांचा हात खटक्याकडे गेला.

"अहो, निदान हे एक गाणं तरी!" ब्लाझेनाबाई उठल्याच.

"बसा. मध्येच थांबवता येत नाही, कागद फाटतो." बाईंनी हात मागे घेतला. मग त्यांनी गळ्यातला निळा रुमाल सोडला आणि घडी करून खिशात घातला.

"फेरीच रद्द झाली, म्हणजे मार्गदर्शकही नाही," त्या म्हणाल्या. "खिडकी तर मघाशीच बंद झाली."

त्या बाकड्याला वळसा घालून विलेम यांच्या डाव्या हाताला आल्या.

"सरका जरा."