कायम हरणारे डॉक्टर

आमचे डॉक्टर सोनटक्के लहान मुलांशी दगड-कागद-कात्री खेळतात आणि हरल्यावर भांडतात. पंचावन्न वर्षांचा हाडांचा डॉक्टर तपासणीच्या खोलीत उकिडवा बसून, "रडीचा डाव खेळून राहिलंय बघा सिस्टर हे!" म्हणून ओरडतो, तेव्हा आई-बाप एकमेकांकडे बघतात. लोह्याहून आलेल्या एका आजोबांनी मला हळूच विचारलं होतं, "बाई, मोठे डॉक्टर कधी येतेत?"

नांदेडच्या या दवाखान्यात ऑपरेशनची यादी माझ्याकडे असते. कोपर मोडलेलं मूल आलं की डॉक्टर हाड जुळवून बारीक तारा घालतात, प्लास्टर करतात, महिन्याभरात तारा काढतात. यादीत माझे तीन रकाने होते: पोट रिकामं, सही, कोणता हात. चौथा डॉक्टरांनी घालायला लावला: 'खेळ झाला?' मूठ वळली, पंजा उघडला, दोन बोटांची कात्री झाली, म्हणजे कोपराजवळच्या नसा शाबूत. खेळाशिवाय ते तारेला हात लावत नाहीत. बाकी शिस्तीच्या नावानं बोंब. त्यांचा चष्मा मी दोनदा प्लास्टरच्या बादलीतून काढलाय.

अर्धापूरची साक्षी, वय सात, केळीच्या ट्रॉलीवरून पडली. हात टम्म सुजलेला, बोटं गार, आणि पोरगी कुणाला जवळ येऊ देईना. हाताला रक्त पोचत नव्हतं, ऑपरेशनला थांबायला वेळ नव्हता. त्या दिवशी चौथा रकाना रिकामा राहिला.

दुसऱ्या दिवशी बोटं गरम होती, पण पंजा उघडेना. नस पडताना दुखावली की तार घालताना, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. डॉक्टरांनी तिच्या आईला हे असंच, काही न लपवता सांगितलं. "बहुतेक सुधारंल. पण महिने लागतील."

"उजवा हात हाय ओ साहेब," एवढंच ती म्हणाली.

मग दर सोमवारी साक्षी यायची. प्लास्टरमधून बोटं बाहेर असत, पण तिला एकच डाव जमायचा, दगड. डॉक्टर दर वेळी कात्री काढायचे. दगडानं कात्री मोडायची.

"हरलो की गं माय!"

"तुमाला खेळताच येत न्हाई!" साक्षी खिदळायची.

ती गेल्यावर डॉक्टर तिचा केसपेपर उघडून बसायचे. पुढचा पेशंट मी दोनदा पुकारला तरी त्यांना ऐकू जात नसे.

तारा निघाल्या, प्लास्टर निघालं. दगड तोच.

अकराव्या सोमवारी डॉक्टरांनी सवयीनं कात्री पुढे केली. साक्षीची मूठ थरथरली आणि बोटं एकेक करून सुटली. पंजा वाकडा होता, पण कागदच होता.

कात्री कागद कापते. डॉक्टर पहिल्यांदाच जिंकले होते.

साक्षी फुरंगटली. "हे न्हाई धरायचं. पुन्ना!"

 डॉक्टरांनी चष्मा पुसायला रुमाल काढला. चष्मा माझ्या टेबलावर होता.

बाहेर बारा जण खोळंबले होते. यादी मागं पडलेली मला खपत नाही. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि सांगितलं, "जरा दम धरा. मोठे डॉक्टर कामात आहेत."